इन-मेमरी डेटाबेस निवडताना: व्यवसायासाठी पायरीपायरीने तुलना

सकाळी दहाला एसी वर्गाचं तत्काळ आरक्षण उघडतं, अकराला स्लीपरचं. त्या पहिल्या काही मिनिटांत आयआरसीटीसीवर लोकांची जी झुंबड उडते ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. २०१४ साली रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने नवी ई-तिकीट यंत्रणा आणली. मिनिटाला २,००० तिकिटांची जुनी क्षमता ७,२०० पर्यंत गेल्याचं तेव्हा जाहीर झालं. त्या यंत्रणेत जेमफायर हे इन-मेमरी सॉफ्टवेअर वापरलं होतं. सतत विचारली जाणारी माहिती दर वेळी डिस्कवरून न आणता थेट रॅममधून द्यायची, हे त्याचं काम. आसन पक्कं झाल्याची नोंद मात्र पीआरएस या रेल्वेच्या मूळ आरक्षण यंत्रणेतच होते.

ही वाटणी नीट समजून घ्या. विचारणा रॅममध्ये, पक्की नोंद दुसरीकडे. व्यवसायासाठी इन-मेमरी डेटाबेस शोधणारे बहुतेक जण ‘सर्वांत वेगवान कोणता?’ इथून सुरुवात करतात. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आधी विचारायचं ते असं: रॅममध्ये जे ठेवणार आहोत ते मूळ आहे की प्रत? प्रत असेल तर वीज गेल्यावर ती पुन्हा बनवता येते. मूळ असेल तर गेलं ते गेलं. या प्रश्नाचं उत्तर मिळालं की बाजारातल्या पंधरा नावांपैकी दहा आपोआप गळतात.

पहिली पायरी: खरंच गरज आहे का ते पाहा

वेगाचे आकडे एकदा डोळ्यांखालून घाला. रॅममधून काही वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. चांगल्या एसएसडीवरून १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, म्हणजे हजारपट. फिरत्या हार्ड डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद. हे वाचून रॅमचा मोह होणं साहजिक आहे. पण एकाच डेटा सेंटरमधल्या एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाऊन परत यायलाच अर्धा मिलिसेकंद लागतो. रॅममधून वाचायच्या वेळेच्या पाच हजार पट वेळ नुसत्या जाण्यायेण्यात जातो. म्हणून दोन इन-मेमरी डेटाबेसांतला दोन-चार मायक्रोसेकंदांचा फरक तुमच्या ग्राहकाला कधीच जाणवणार नाही. एका पानासाठी डेटाबेसकडे चाळीस फेऱ्या होतात की चार, हे मात्र नक्की जाणवेल.

दुसरं म्हणजे तुमचा आत्ताचा डेटाबेस रॅम वापरतोच. फक्त त्याला पुरेशी दिलेली नसते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘शेअर्ड बफर्स’ (डेटाबेसने स्वतःसाठी राखलेली रॅम) ही सेटिंग मुळात १२८ एमबी असते, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमधल्या ‘इनोडीबी बफर पूल’चंही तसंच. ३२ जीबी रॅमचा सर्व्हर घेतलाय आणि डेटाबेस १२८ एमबीवर चाललाय, असं सर्रास आढळतं. पोस्टग्रेससाठी एकूण रॅमच्या पाव हिस्सा ही सुरुवातीची चांगली किंमत आहे. फक्त डेटाबेससाठी राखलेल्या सर्व्हरवर मायएसक्यूएलला त्याहून बरंच जास्त देता येतं. त्यानंतर मंद क्वेरींची, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या पण उत्तराला वेळ लागणाऱ्या प्रश्नांची, नोंद चालू करा आणि आठवडाभर ती पाहा. सर्वांत जड अशा पाच-सहा क्वेरींना योग्य इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधयादी) दिला की अनेकांचं काम इथेच भागतं. तसं झालं तर पुढचं वाचायची गरज नाही, आणि खर्चही वाचला.

जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी १९८७ साली मांडलेला ‘पाच मिनिटांचा नियम’ या ठिकाणी उपयोगी पडतो. जी माहिती पाच मिनिटांतून एकदा तरी लागते ती मेमरीत ठेवणं परवडतं, बाकीची डिस्कवर राहू द्यावी, असा तो नियम. तेव्हापासून रॅम आणि डिस्कच्या किमती पार बदलल्या, त्यामुळे ‘पाच’ हा आकडा काटेकोर धरू नका. पण विचार करायची रीत आजही तीच आहे: माहिती किती मोठी आहे याआधी ती किती वेळा लागते ते मोजा.

दुसरी पायरी: मूळ आणि प्रत वेगळे करा

एक उदाहरण धरून चालू. समजा, रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकणारा एक व्यवसाय आहे. वर्षभर साइटवर शुकशुकाट. एप्रिल-मे मध्ये, विशेषतः अक्षय्य तृतीयेच्या आधी, गिऱ्हाइकांची रांग. पेट्या मोजक्या, कारण बागेत आंबा असेल तेवढाच विकता येतो.

एक तक्ता करा. माहितीचं नाव, एका नोंदीचा आकार, ती किती वेळा वाचली जाते, किती वेळा बदलते, आणि शेवटचा रकाना: ही हरवली तर काय होईल? हा शेवटचा रकाना तांत्रिक माणसाने एकट्याने भरू नये. धंदा सांभाळणाऱ्याला शेजारी बसवा.

आपल्या उदाहरणात फोटो, वर्णन आणि भाव या निव्वळ प्रती आहेत, मूळ पोस्टग्रेसमध्ये आहे. ग्राहकाचं लॉगिन सेशन हरवलं तर त्याला पुन्हा ओटीपी टाकावा लागेल. वैताग होईल, नुकसान होणार नाही. टोपलीत टाकलेला माल हरवला तर काही गिऱ्हाइकं निघून जातील, म्हणजे थोडं नुकसान. ऑर्डर आणि पैसे मिळाल्याची नोंद ही पक्की मूळ. तिला धक्का लागता कामा नये.

खरी कसोटी लागते ती शिल्लक पेट्यांच्या आकड्याला. तो सेकंदाला शेकडो वेळा विचारला जातो, म्हणून रॅममध्ये हवासा वाटतो. तो चुकला तर एकच पेटी दोघांना विकली जाते, म्हणून तो मूळही आहे. इथे रेल्वेसारखीच वाटणी करावी. ग्राहकाने ‘विकत घ्या’ दाबलं की रॅममधल्या आकड्यातून एक वजा करायचा आणि त्या पेटीवर दहा मिनिटांचा हक्क नोंदवायचा. पैसे आले की पोस्टग्रेसमध्ये व्यवहार म्हणून पक्की नोंद करायची, आणि तिथे शिल्लक पुन्हा तपासायची. दहा मिनिटांत पैसे आले नाहीत तर पेटी परत मोकळी. रॅममधला आकडा हरवलाच तर पोस्टग्रेसवरून तो काही सेकंदांत पुन्हा काढता येतो. म्हणजे जो आकडा मूळ वाटत होता त्याची आपण प्रत करून टाकली. जिथे शक्य असेल तिथे रचना अशीच करावी, कारण प्रतीसाठी लागणारं सॉफ्टवेअर साधं, स्वस्त आणि सांभाळायला सोपं असतं.

तिसरी पायरी: मेमरीचा हिशोब

कागद-पेन्सिल पुरेशी आहे. ऐन हंगामात एका वेळी २ लाख सेशन, प्रत्येकी २ केबी: ४०० एमबी. ५० हजार टोपल्या, प्रत्येकी १ केबी: ५० एमबी. भाव आणि वर्णनं नगण्य. एकूण ४५० एमबी. पण डेटाबेस प्रत्येक नोंदीमागे स्वतःची काही बाइट्स खर्च करतो, आणि नोंदी अगदी लहान असतील तर हा वरखर्च मूळ मालापेक्षा जास्त होतो. म्हणून दुप्पट धरा: ९०० एमबी. रेडिससारखं इन-मेमरी सॉफ्टवेअर (त्याची ओळख पुढच्या पायरीत आहे) डिस्कवर प्रत काढत असताना माहिती झपाट्याने बदलत असेल तर तेवढ्यापुरती मेमरी जवळजवळ दुप्पट लागू शकते. १.८ जीबी झाले. म्हणजे ४ जीबीचं मशीन मोकळेपणाने पुरेल.

हा हिशोब झाला की विक्रेत्याच्या ‘आमचं क्लस्टर (एकत्र जोडलेल्या मशीनचा संच) टेराबाइटपर्यंत वाढतं’ या वाक्याने तुम्ही भारावून जाणार नाही.

चौथी पायरी: उमेदवारांची ओळख

सगळ्यांची नावं एका रांगेत लावून तुलना करू नका. ती वेगवेगळ्या कामांसाठी बनलेली आहेत.

निव्वळ प्रतींसाठी सर्वांत साधं मेमकॅश्ड. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नल या साइटसाठी ते लिहिलं. ‘की’ म्हणजे नोंदीचं ओळखनाव द्या, माहिती घ्या, एवढंच त्याचं काम. एक नोंद सहसा १ एमबीपर्यंत, कीची लांबी २५० बाइट्सपर्यंत. मशीन बंद पडलं की सगळं रिकामं होतं, आणि ते तसंच होणार हे गृहीत धरूनच ते वापरायचं असतं. एकाच मशीनवरचे अनेक कोअर ते चांगले वापरतं. तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यात सगळीकडे ‘काही बिघडणार नाही’ लिहिलेलं असेल तर याच्या पुढे जाऊ नका.

त्यानंतर रेडिस आणि त्याचा भाऊबंद व्हॅल्की. साल्वातोरे सानफिलिपो या इटालियन प्रोग्रामरने २००९ मध्ये रेडिस आणलं. याची ताकद त्याच्या माहितीच्या प्रकारांत आहे: यादी, संच, हॅश (नाव-किंमत अशा जोड्या), क्रमवार संच, आणि २०१८ पासून स्ट्रीम (क्रमाने वाढत जाणाऱ्या नोंदी). ‘आज सर्वांत जास्त विकल्या गेलेल्या दहा वस्तू’ हे क्रमवार संचाने दोन ओळींत होतं. रांगेतली कामं, दर मिनिटाला किती विनंत्या स्वीकारायच्या याची मर्यादा, ठरावीक वेळेनंतर आपोआप पुसली जाणारी नोंद, हे सगळं त्यात तयार मिळतं. आज्ञा एकामागून एक, एकाच थ्रेडवर चालतात. त्यामुळे शेवटच्या पेटीसाठी दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तरी वजाबाकी दोनदा होते, पण एकापाठोपाठ एक होते. दुसऱ्याला शिल्लक संपल्याचं नेमकं कळतं. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: एखादी जड आज्ञा दिली तर ती संपेपर्यंत बाकी सगळे ताटकळतात. सगळ्या की एकदम मागवणारी ‘कीज’ ही आज्ञा चालू धंद्यात कधीही वापरू नका, ‘स्कॅन’ वापरा.

तिसरा गट तुमच्या आत्ताच्या डेटाबेसमध्येच दडलेला असतो, आणि नवख्यांच्या नजरेतून तो हमखास सुटतो. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर वापरत असाल तर २०१४ च्या आवृत्तीपासून त्यात मेमरीत राहणारी टेबलं करता येतात. २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून ही सोय स्टँडर्ड आवृत्तीतही मिळते, एका डेटाबेसला ३२ जीबीपर्यंत. गंमत म्हणजे टेबल बनवतानाच सांगता येतं की बंद पडल्यावर फक्त रचना टिकवायची की रचनेसह माहितीही. आपला मूळ-प्रतीचा प्रश्न तिथे थेट सेटिंग म्हणून समोर येतो. ओरॅकलनेही २०१४ मध्येच, १२सी आवृत्तीत, इन-मेमरी कॉलम स्टोअर दिलं. व्यवहार ओळींत आणि अहवाल स्तंभांत, अशी एकच माहिती ते दोन रूपांत ठेवतं. ओरॅकल १९.८ पासून एंटरप्राइझ आवृत्तीत १६ जीबीपर्यंत ते जादा शुल्काशिवाय वापरता येतं. लायसन्सचे पैसे भरलेलेच आहेत, तर हे आधी तपासा.

चौथा गट, सगळा कारभारच रॅममध्ये चालवणारे. यातलं सर्वांत मोठं नाव एसएपी हाना. पुणे-पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना एसएपी नवं नाही. २०१५ मध्ये आलेलं एस/४हाना हे एसएपीचं कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर फक्त हानावरच चालतं, आणि त्याच्या आधीच्या, जुन्या ईसीसीचा मुख्य आधार २०२७ अखेर संपत असल्याने अनेक कंपन्यांपुढे हा प्रश्न निवडीचा राहिलेलाच नाही, वेळापत्रकाचा आहे. हानात माहिती स्तंभांमध्ये दाबून बसवलेली असते. महिनाअखेरीचे ताळे आणि मोठे अहवाल त्यामुळे भराभर निघतात. बदल डिस्कवरच्या लॉगमध्ये जातात आणि साधारण दर पाच मिनिटांनी सगळ्याची एक स्थिर प्रत पडते, म्हणून मूळ माहिती तिथे निर्धास्त ठेवता येते. खर्चाचं मोजमाप मात्र मेमरीच्या आकारावर होतं, आणि माहिती जेवढी तेवढीच आणखी मेमरी कामासाठी मोकळी लागते, असा ढोबळ नियम आहे. तुम्ही एसएपी चालवत नसाल तर निव्वळ वेगासाठी हानाकडे जाऊ नका.

या गटातली बाकीची नावं थोडक्यात. ओरॅकल टाइम्सटेनचं मूळ एचपीच्या प्रयोगशाळेत आहे, ओरॅकलने ती कंपनी २००५ मध्ये घेतली. टेलिकॉमच्या बिलिंगसारख्या, प्रत्येक मायक्रोसेकंद मोजला जातो अशा कामांसाठी ते ओळखलं जातं. व्होल्ट अ‍ॅक्टिव्ह डेटा, म्हणजे पूर्वीचं व्होल्टडीबी, मायकेल स्टोनब्रेकर यांच्या एच-स्टोअर संशोधनातून आलं. सिंगलस्टोअर हे २०२० पर्यंत मेमएसक्यूएल म्हणून ओळखलं जायचं, व्यवहार आणि अहवाल एकाच ठिकाणी हवे असणाऱ्यांसाठी ते चांगलं आहे. अपाचे इग्नाइट, हेझलकास्ट आणि जेमफायरचंच मुक्त रूप असलेलं अपाचे जिओड ही जावाच्या जगातली मंडळी. तुमची टीम जावा जाणत नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

एरोस्पाइक वेगळ्या वाटेने जातं. ते इंडेक्स रॅममध्ये आणि माहिती एसएसडीवर ठेवू शकतं. प्रत्येक नोंदीमागे इंडेक्सला ६४ बाइट्स लागतात. १० कोटी नोंदी असतील तर ६.४ जीबी रॅम, मग प्रत्यक्ष माहिती शेकडो जीबी का असेना. नोंदी कोट्यवधींत आहेत आणि सगळं रॅममध्ये मावणार नाही, तेव्हा याचा विचार करा. जाहिरात आणि पेमेंटच्या क्षेत्रात हीच अडचण असते.

पाचवी पायरी: वीज गेली तर

इथे घाई करू नका. बहुतेक तुलनांमध्ये ‘टिकाऊपणा: आहे’ असा एक टिक मारून लोक पुढे जातात, आणि नेमकं तिथेच फसतात. रेडिस आणि व्हॅल्कीचं उदाहरण घेऊन हे उलगडू.

त्यांच्याकडे माहिती डिस्कवर टिकवायच्या दोन रीती आहेत. एक आरडीबी, म्हणजे ठरावीक वेळाने काढलेली पूर्ण प्रत. दुसरी एओएफ, म्हणजे प्रत्येक बदल एका फाइलच्या शेवटी लिहीत जाणं. हिशोबाच्या भाषेत सांगायचं तर एओएफ ही रोजकीर्द आहे आणि आरडीबी हा ताळेबंद. ताळेबंद आटोपशीर असतो आणि त्यावरून पटकन उभं राहता येतं, पण तो काढल्यानंतरचे व्यवहार त्यात नसतात. रोजकीर्दीत सगळं असतं, पण ती लांबत जाते आणि पुन्हा वाचायला वेळ लागतो. म्हणून दोन्ही चालू ठेवणं उत्तम.

नुसतं सॉफ्टवेअर बसवलं की एओएफ बंदच असते, ती आपण चालू करावी लागते. चालू केली की फाइल दर सेकंदाला डिस्कवर पक्की होते, म्हणजे मशीन अचानक गेलं तर सुमारे एक सेकंदाचे बदल हरवू शकतात. प्रत्येक बदलाला लगेच पक्कं करा असंही सांगता येतं, पण मग वेग डिस्कच्या पातळीवर येतो. आता तक्त्याकडे परत जा. एक सेकंदाची टोपली हरवणं परवडेल का? परवडेल. एक सेकंदाचे पैसे? नाही.

आणखी एक गैरसमज मला फार वेळा दिसतो: ‘आमच्याकडे दुसऱ्या मशीनवर नक्कल आहे, म्हणजे काही हरवणार नाही.’ रेडिसमध्ये मुख्य मशीन ग्राहकाला ‘झालं’ असं आधी सांगतं आणि नक्कल नंतर पोहोचते. मधल्या क्षणी मुख्य मशीन गेलं आणि नक्कलने कारभार हाती घेतला, तर ‘झालं’ म्हणून सांगितलेली नोंदही गायब असू शकते. ‘वेट’ ही आज्ञा धोका कमी करते, पण पूर्ण खात्री देत नाही. म्हणून कोणत्याही विक्रेत्याला हे तीन प्रश्न जसेच्या तसे विचारा: ग्राहकाला ‘झालं’ कळतं तेव्हा नोंद किती मशीनवर आहे? किती डिस्कवर आहे? आणि मुख्य मशीन त्याच क्षणी जळालं तर काय उरतं? उत्तर गोलमोल आलं तर त्या उत्पादनात मूळ माहिती ठेवू नका.

सहावी पायरी: लायसन्स आणि खर्च

२०२४ च्या मार्चमध्ये रेडिसच्या कंपनीने लायसन्स बदललं. ७.२ पर्यंतचं मोकळं बीएसडी लायसन्स जाऊन ७.४ पासून निर्बंध आले. त्याच महिन्याच्या अखेरीस लिनक्स फाउंडेशनने व्हॅल्की जाहीर केलं. रेडिसच्या ७.२ आवृत्तीतून फुटून निघालेलं, बीएसडी लायसन्सचं. त्याला अ‍ॅमेझॉन, गूगल, ओरॅकल यांचा पाठिंबा होता. मे २०२५ मध्ये रेडिस ८ ला एजीपीएल हे मुक्त लायसन्सही मिळालं.

नवख्याने यातून काय घ्यायचं? फक्त स्वतःच्या दुकानासाठी वापरत असाल तर दोन्ही चालतील. सॉफ्टवेअर बनवून ग्राहकांना विकत असाल किंवा सेवा म्हणून देत असाल तर एजीपीएलच्या अटी (बदललेला कोड वापरकर्त्यांना खुला करण्यासारख्या) वकिलाला दाखवा, किंवा सरळ व्हॅल्की घ्या. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी व्हॅल्कीच सुचवते: आज्ञा त्याच, लायब्रऱ्या बहुतांशी त्याच, आणि लायसन्सची काळजी नाही. अ‍ॅमेझॉनच्या इलास्टिकॅशे या क्लाउड सेवेमध्ये व्हॅल्कीचा दरही रेडिसपेक्षा कमी ठेवलेला आहे.

खर्च मोजताना नक्कलचं मशीन, बॅकअपची जागा आणि ते सांभाळणाऱ्या माणसाचा वेळ धरा. दोन-तीन जणांच्या टीमने स्वतः क्लस्टर उभारू नये. क्लाउड कंपनीने चालवलेली सेवा महिन्याला महाग वाटते, पण रात्री दोनला उठून बघायला कोणीतरी असतं, त्याचे ते पैसे आहेत.

सातवी पायरी: स्वतः तपासा

दुसऱ्याच्या चाचणीचे आकडे आपल्या कामाचे नसतात. रेडिससोबत येणारं ‘रेडिस-बेंचमार्क’ हे साधन काही न सांगता चालवलं तर ५० ग्राहक, १ लाख विनंत्या आणि प्रत्येक नोंद फक्त ३ बाइट्सची धरतं. तुमचं सेशन २ केबीचं आहे. ३ बाइट्सवर आलेला लाखांतला आकडा पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही. नोंदीचा आकार खरा द्या. रेडिस आणि मेमकॅश्ड या दोघांची एकाच मापाने तुलना करायची असेल तर ‘मेमटियर बेंचमार्क’ वापरा.

चाचणी देणारं मशीन आणि डेटाबेसचं मशीन वेगळी ठेवा. मेमरी आधी अपेक्षित पातळीपर्यंत भरून घ्या, रिकाम्या डेटाबेसवर सगळेच पळतात. सरासरी पाहू नका. शंभरातल्या सर्वांत मंद विनंतीला किती वेळ लागला ते पाहा. एका पानासाठी वीस विनंत्या होत असतील तर जवळजवळ दर पाचव्या ग्राहकाला ती मंद विनंती भेटणारच. डिस्कवर प्रत निघत असतानाही चाचणी चालू ठेवा, बहुतेक झटके तेव्हाच बसतात.

मग तोडफोडीची चाचणी. एक छोटी स्क्रिप्ट लिहा जी १, २, ३ असे आकडे क्रमाने लिहीत जाईल आणि ‘झालं’ असं उत्तर आलेला शेवटचा आकडा दुसऱ्या मशीनवर नोंदवेल. मधेच डेटाबेस जबरदस्तीने बंद करा. पुन्हा चालू करून शेवटचा आकडा पाहा. दोघांतला फरक म्हणजे तुमचं खरं नुकसान. ज्या सॉफ्टवेअरचा विचार करताय त्या प्रत्येकावर हे करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा ते जास्त शिकवतं.

आठवी पायरी: दार लावून घ्या

इन-मेमरी सॉफ्टवेअर बहुतेक वेळा ‘आतल्या जाळ्यातच वापरणार’ या गृहीतकावर बनलेलं असतं. २८ फेब्रुवारी २०१८ ला गिटहब या प्रोग्रामरांच्या साइटवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा हल्ला झाला. त्यासाठी इंटरनेटवर उघडी पडलेली मेमकॅश्डची मशीनं वापरली गेली होती. मेमकॅश्डचा पोर्ट ११२११, रेडिसचा ६३७९. हे दोन्ही बाहेरून बंद असल्याची खात्री बाहेरच्या मशीनवरून तपासून करा, पासवर्ड आणि वापरकर्त्यांचे अधिकार लावा, आणि वाहतूक टीएलएसने (एन्क्रिप्शनने) झाका.

ग्राहकाच्या कार्डाचा नंबर कॅशेतही, म्हणजे रॅममधल्या प्रतींच्या साठ्यातही, ठेवू नका. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दुकानदाराला तो साठवता येत नाही, आणि ‘फक्त रॅममध्ये होता’ हा बचाव आरडीबीची फाइल डिस्कवर पडली की संपतो. क्लाउडवर असाल तर डेटाबेस आणि अ‍ॅप एकाच रीजनमध्ये, म्हणजे क्लाउड कंपनीच्या एकाच भागातल्या डेटा सेंटरमध्ये, हवेत. अ‍ॅमेझॉनचं मुंबई, मायक्रोसॉफ्टचं पुणे, असे पर्याय आता हाताशी आहेत. अ‍ॅप मुंबईत आणि कॅशे सिंगापूरला ठेवलं तर प्रत्येक फेरीला पन्नास-साठ मिलिसेकंद जातील आणि सगळा खटाटोप वाया जाईल.

नववी पायरी: चालू करताना

मेमरीची कमाल मर्यादा स्वतः ठरवा. रेडिस आणि व्हॅल्कीत ती मुळात नसतेच, ते रॅम संपेपर्यंत खात राहतात आणि मग लिनक्स प्रक्रियाच मारून टाकतं. एकूण रॅमच्या ६० ते ७० टक्के ही सुरक्षित सुरुवात. मर्यादा भरल्यावर काय करायचं तेही सांगावं लागतं. निव्वळ प्रती असतील तर ‘बऱ्याच वेळात न वापरलेलं आधी काढा’ हे धोरण लावा. ज्या नोंदी जाऊन चालणार नाहीत त्यांना वेगळं, दुसरं इन्स्टन्स (स्वतंत्रपणे चालवलेलं तेच सॉफ्टवेअर) द्या. एकाच घरात दोन्ही ठेवलं तर जागा करण्याच्या नादात नको ते पुसलं जाईल.

हजारो नोंदींची मुदत एकाच क्षणी संपू देऊ नका. दहा मिनिटांची मुदत द्यायची असेल तर ९ ते ११ मिनिटांच्या दरम्यान कुठेही पडेल अशी द्या, नाहीतर सगळ्या विनंत्या एकदम मूळ डेटाबेसवर कोसळतात.

आणि कॅशे पूर्ण रिकामी असताना मूळ डेटाबेस किती गिऱ्हाइकं पेलू शकतो हे मोजून ठेवा. हापूसवाल्यांनी हे जानेवारी-फेब्रुवारीतच करावं: एखाद्या रात्री कॅशे बंद करायची, हंगामाएवढा खोटा भार सोडायचा आणि पोस्टग्रेस कुठे दमतो ते पाहायचं. तो आकडा हंगामातल्या गर्दीपेक्षा कमी निघाला तर कॅशे चालू होताना भाव आणि शिल्लक आधी भरून घेणारी स्क्रिप्ट लिहा, आणि ती पूर्ण होईपर्यंत साइटवर थोड्याथोड्या लोकांनाच आत सोडायची सोय करा.